दोरीवर वाळतील तेवढे कपडे

महाराष्ट्रातल्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचा कायदा २००५ चा आहे. एका पदावर साधारणपणे तीन वर्षे आणि बदल्या शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत, अशी त्यातली चौकट. मुलांच्या शाळांचा विचार करता ती योग्यच आहे. पण तिच्यामुळे घडणारी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. मे महिन्याच्या अखेरीस कार्यमुक्त झालेला माणूस नव्या गावी रुजू होतो तो नेमका मृगाच्या तोंडावर. घर मिळालेले नसते, कुटुंब मागे असते. मुक्काम विश्रामगृहात, लॉजवर किंवा कोणाच्या ओळखीने मिळालेल्या एका खोलीत. खोलीत एक पंखा, खिडकीच्या गजापासून दारावरच्या खिळ्यापर्यंत ताणलेली एक दोरी, आणि बाहेर पाऊस. नोकरीसाठी किती आणि कोणते कपडे असावेत याचा विचार या खोलीपासून सुरू व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आपण तो कपाटापासून सुरू करतो. नियमही तसेच आहेत. सातव्या वेतन आयोगानंतरच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार वेतनस्तर ६ आणि त्यावरच्या कर्मचाऱ्याला बदलीत ६,००० किलोपर्यंत घरसामान नेण्याचा खर्च मिळतो. स्तर ५ ला ३,००० किलो आणि त्याखाली १,५०० किलो. सहा टनांत लोखंडी कपाटे, दिवाण, फ्रिज आणि तीन पिढ्यांच्या साड्या सहज मावतात. त्यामुळे बदलीच्या घरातले कपडे कमी होण्याचे कारणच उरत नाही. ट्रक येतोच आहे तर घाला त्यात. पण ट्रक येतो पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी, आणि माणूस येतो आधी. त्याच्या हातात असते ती रेल्वेच्या बर्थखाली सरकेल अशी बॅग, किंवा विमानाने गेल्यास पंधरा किलोची. त्या पंधरा किलोंत लॅपटॉप, सेवापुस्तकाच्या प्रती, औषधे, चादर, टॉवेल, डबा आणि चार्जर धरले तर कपड्यांच्या वाट्याला सहा-सात किलो उरतात. नव्या कार्यालयातले लोक तुम्हाला पहिल्यांदा पाहतात, पारखतात, तुमच्याविषयी मत बनवतात ते या सहा-सात किलोंच्या जोरावर. आणि गंमत अशी की ते दोन-तीन महिने ज्या कपड्यांत व्यवस्थित निभतात, त्यांतच पुढली तीन वर्षेही निभतात. ट्रकमधून आलेली बाकीची खोकी कित्येक घरांत पुढच्या बदलीपर्यंत पूर्ण उघडलीही जात नाहीत.

मग किती कपडे हवेत? परदेशी मासिकांतून आलेला ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ हा शब्द आता आपल्याकडे बराच रुळला आहे. लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी १९७० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी ‘सेव्हन ईझी पीसेस’ नावाने सात कपड्यांचा संचच बाजारात आणला. कल्पना चांगली आहे: थोडे कपडे, सगळे एकमेकांवर जाणारे. पण ती ज्या शहरांत जन्मली तिथे कपडा वाळणे हा प्रश्न नाही. घरे बंद आणि उबदार, धुलाईयंत्राच्या शेजारी वाळवणीचे यंत्र, कोट ड्रायक्लीनला टाकायला कोपऱ्यावर दुकान. त्या संचाचा कणा असतो जॅकेट, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात जॅकेट घालून क्षेत्रपाहणीला निघणे म्हणजे आजारपणाला बोलावणे. त्या कल्पनेतला आकडा, सात किंवा आणखी कुठला, आपल्याला उचलता येत नाही. आपला आकडा आपल्या दोरीवरून काढावा लागतो.

तो असा काढता येतो. सगळ्यांत वाईट गाव आणि सगळ्यांत वाईट महिना घ्यायचा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी रत्नागिरी, आणि जुलै. रात्री धुतलेला सुती कुर्ता पंख्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी दमट असतो, संध्याकाळीही शिवणीत ओलसर असतो, तिसऱ्या दिवशी सकाळी अंगात घालण्याजोगा होतो. म्हणजे एक अंगावर, दोन दोरीवर, एक इस्त्री होऊन तयार, आणि एक अडीअडचणीला, कारण एसटी थांब्यापासून कार्यालयापर्यंत चिंब भिजण्याचे दिवसही असतात. पाच. वर घालायचे पाच कपडे म्हणजे कोकणातल्या जुलैला पुरून उरणारा साठा. नागपूरच्या मे महिन्यात हाच कुर्ता तासाभरात कडक वाळतो, तिथे तीनही पुरतील. पण बदली कुठे होणार हे आपल्या हातात नसल्यामुळे पाच धरायचे. खालचे, म्हणजे पँट किंवा सलवार, तीन. पाचांपैकी प्रत्येक तिन्हींपैकी प्रत्येकावर जाईल असे निवडले की पंधरा जोड्या होतात. राज्य शासनाचा आठवडा फेब्रुवारी २०२० च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आहे, बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. महिनाभरात एक जोडी फार तर दोनदा होईल. ज्यांना रोज वेगळे दिसायची हौस आहे त्यांचीही यात सोय आहे.

हा हिशेब बिघडवणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे कापड. याबाबतीत माझे मत अनेकांना पटत नाही. आपल्याकडे सुती म्हणजे चांगले आणि कृत्रिम म्हणजे हलके अशी एक पक्की समजूत आहे. सुती कापडावर माझेही प्रेम आहे. कोरड्या उन्हाळ्यात त्याला तोड नाही, घाम टिपते, अंगाला चिकटत नाही. पण कापसाचा धागा सामान्य हवेतही स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत हे अंतर आणखी वाढते. तिथे सुती कपडा पूर्ण वाळत असा नाहीच. त्याला कुबट वास येतो, कपाटात ठेवला की बुरशीचे ठिपके पडतात, आणि ते ठिपके निघत नाहीत. आमच्या आधीच्या पिढीतल्या बदलीच्या नोकरदारांनी टेरिकॉट जवळ केले ते काही अरसिक होते म्हणून नव्हे. धुवा, झटका, हँगरला लावा, सकाळी घाला. इस्त्रीवाला नसलेल्या गावात ही केवढी मोठी सोय होती. दोन्ही धागे मिसळलेले कापड हे बदलीच्या माणसाचे खरे कापड आहे, असे मी ठामपणे म्हणेन. पाचांपैकी दोन शुद्ध सुती असावेत, तीन मिश्र. शुद्ध पॉलिएस्टर मात्र नको. विदर्भाच्या उन्हात ते अंगावर सहन होत नाही आणि घामाचा वास त्यात बसतो.

आणि कापडाइतकीच शिवण महत्त्वाची. कपडा वाळला की नाही हे त्याच्या सर्वांत जाड जागेवर ठरते. परकराचा नेफा, सलवारीची नाडी, जीन्सचा कमरपट्टा आणि खिसे, शर्टाची कॉलर. साडी पातळ असते, चार तासांत वाळते. तिच्यामुळे अडत नाही, अडते ते परकरामुळे. म्हणून साडी नेसणाऱ्या बाईने पाच साड्या आणि दोन परकर असे नेले तर तिचे गणित पहिल्याच आठवड्यात चुकते. उलट दोन साड्या आणि तीन परकर हा शहाणपणाचा भाग. जीन्सचे तसेच. टिकते, चुरगळत नाही, दोनतीनदा धुतल्याशिवाय घालता येते, हे सगळे खरे. पण पावसात एकदा भिजली की ती दोन दिवस दोरी अडवून बसते, आणि तिला पाणीही जास्त लागते.

पाण्याची गोष्ट वेगळी काढायला हवी. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्यात लातुरात बदलून गेलेल्या माणसाला कपड्यांचा विचार दोरीवरून नव्हे, बादलीवरून करावा लागला असणार. टँकर कधी येईल यावर धुणे ठरते तेव्हा कमी पाण्यात स्वच्छ निघणारा, लवकर फेस सोडणारा पातळ कपडा हा मोठा आधार असतो. मराठवाड्यात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. साबणाला फेस येत नाही आणि पांढरा कपडा दोन-तीन महिन्यांत मातकट होतो. कोकणात तांबड्या मातीचे शिंतोडे, काळ्या रानात चिखल, चंद्रपूर-घुग्घुसच्या बाजूला कोळशाची धूळ. पांढरा रंग बदलीच्या बॅगेत ठेवू नये, याला माझ्या मते अपवाद नाही. खालचे तीन कपडे गडद आणि साधे: एक काळा किंवा गडद राखाडी, एक निळा, एक तपकिरी. वरचे पाच मधल्या छटांचे. मोठ्या छापाचा, ठसठशीत नक्षीचा कपडा टाळावा, कारण तो लोकांच्या लक्षात राहतो; बारीक बुट्टी किंवा साधा रंग चारदा घातला तरी कोणी मोजत नाही.

उरलेले थोडक्यात सांगते. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि एक मेच्या ध्वजवंदनासाठी, मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी, वार्षिक तपासणीसाठी एक चांगली साडी किंवा एक बंद गळ्याचे जाकीट. रोजच्या शर्टावर हे जाकीट चढवले की पुरुषाचे सगळे समारंभ भागतात. चपलांचे दोन जोड, एक पावसात भिजला तरी चालेल असा, दुसरा बंद आणि नीटनेटका. चामडे पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून चामड्याचा जोड एकच. थंडीचे मात्र इथून काही नेऊ नये. नागपूर-गोंदियाकडे डिसेंबरअखेर पारा दहाच्या खाली उतरतो, दिल्लीला त्याहून खाली. पण जिथे थंडी असते तिथे थंडीचे कपडे चांगले आणि स्वस्त मिळतात, आणि निघताना ते तिथल्याच कोणाला देऊन येता येते. सुती साडी, परकर आणि ब्लाऊज मिळून पाऊण किलोच्या घरात जाते, कुर्ता पाव किलोच्या आत, पँट त्याहून थोडी जड. सगळी बेरीज केली तर घरातल्या आणि आतल्या कपड्यांसह सहा किलोंच्या आसपास येते. पहिल्या बॅगेत ती बसते.

शिंप्याचा मुद्दा मात्र थोडक्यात उरकता येत नाही, कारण बदलीत बाईचे सर्वांत मोठे नुकसान तेच असते. माप माहीत असलेली, गळा किती खोल आणि बाही किती लांब हे न सांगता समजणारी ब्लाऊज शिवणारी मिळवायला वर्ष जाते, आणि ती रुळली की बदली येते. नव्या गावात पहिले दोन ब्लाऊज बिघडतातच. रोजच्या कामासाठी तयार मापाचा कुर्ता याच कारणाने सोयीचा. तो कुठल्याही जिल्ह्याच्या गावी त्याच मापात पुन्हा मिळतो. आणि शिवून घ्यायचेच असेल तर शिंप्याला आत भरपूर माया ठेवायला सांगावी. तीन वर्षांत शरीर बदलते. उसवून सैल करता येणारा कपडा दोन बदल्या टिकतो. खिसाही मागून घ्यावा. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात छत्री असताना किल्ल्या आणि मोबाइल ठेवायला जागा नसलेला कपडा कामाचा नाही, मग तो दुकानात कितीही सुंदर दिसो.

इतके सगळे सोपे आहे तर बदलीच्या नोकरीतल्या बायका हे का करत नाहीत? मी हा प्रश्न ज्यांना ज्यांना विचारला त्यांच्यापैकी कोणीही वजनाची, पैशांची किंवा कापडाची अडचण सांगितली नाही. सगळ्यांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: लोक म्हणतात, परवा हाच होता ना.

ऑस्ट्रेलियात कार्ल स्टेफानोविक नावाचे दूरचित्रवाणी निवेदक आहेत. सकाळच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात ते वर्षभर जवळजवळ रोज एकच निळा सूट घालून बसत होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी हे स्वतः जाहीर केले, कारण तोवर कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या लिसा विल्किन्सन यांच्या कपड्यांवर मात्र प्रेक्षकांची टीका नेहमी येत असे, आणि हा फरक दाखवण्यासाठीच त्यांनी तो सूट वर्षभर घातला होता. हे तिथले उदाहरण. पण आपल्या कुठल्याही तालुक्याच्या कार्यालयात आज हीच गोष्ट तपासून पाहता येईल. साहेबांचे तेच दोन पांढरे शर्ट आणि तीच राखाडी पँट कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. भरलीच तर साधी राहणी म्हणून कौतुक होते. मॅडमनी सोमवारचा कुर्ता गुरुवारी घातला की त्याची नोंद होते, आणि त्या नोंदीचा अर्थ कधी कंजूषपणा, कधी टापटीप नसणे, कधी घरी काही बिनसले आहे असा लावला जातो. कमी कपड्यांचा सल्ला देणारे लेख स्टीव्ह जॉब्ज यांच्या काळ्या टर्टलनेकचे उदाहरण देतात. ते मला दोन कारणांनी गैरलागू वाटते. एक तर फॅशन डिझायनर इस्सी मियाके यांनी त्यांना तसे टर्टलनेक ढिगाने शिवून दिले होते, म्हणजे त्यांचे कपडे थोडे नव्हते, एकसारखे होते. आणि दुसरे, ज्याच्या नावावर कंपनी चालते त्याने काय घातले यावरून त्याची लायकी कोणी ठरवत नाही. आपला विषय आहे तो नव्या गावात पहिल्यांदाच चार्ज घेणाऱ्या, अजून कोणी ओळखत नसलेल्या बाईचा.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला फार गंभीर वाटतो. साधेपणाची चैन कोणाला परवडते? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे भाषण केले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने सोडून द्या, असे त्यांनी सांगितले, आणि त्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली. स्वतः बाबासाहेबांचा सूट हा त्याच विचाराचा भाग होता. ज्या समाजाला शतकानुशतके अंगभर, चांगले, स्वच्छ नेसण्याचीच मनाई होती, त्या समाजातून आलेल्या पहिल्या पिढीतल्या अधिकाऱ्याला ‘पाच कुर्ते पुरे’ असे सांगणारी मी कोण? एखाद्या खेड्यात तिच्या खुर्चीपेक्षा तिची जात लोकांना आधी दिसते, आणि उत्तम साडी ही तिच्यासाठी हौस नसून चिलखत असते. हा आक्षेप मी मान्य करते. कपडे कमी करा हा उपदेश सगळ्यांना सारखा करता येत नाही. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. कपडे थोडे असणे आणि कपडे हलके असणे या निराळ्या गोष्टी आहेत. महाडच्या भाषणातला आग्रह संख्येचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता. पंधरा सुमार कुर्त्यांच्या पैशांत पाच उत्तम कापडाचे, नीट शिवलेले येतात, आणि ते अंगावर अधिक मानाने बसतात. आणि कपडे पुन्हा पुन्हा घालण्याची सुरुवात ज्यांचे स्थान आधीच पक्के आहे त्यांनी करायला हवी. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकारी, शाखा व्यवस्थापक, प्राचार्य, ज्येष्ठ डॉक्टर, यांनी तेच चार-पाच कपडे आलटून पालटून उघडपणे वापरले की कार्यालयातली नजर हळूहळू बदलते. हाताखालच्या कारकून मुलीवर ते ओझे टाकू नये.

या नजरेचा दुसरा भाग घरातून येतो. मराठी बाईचे कपाट तिने एकटीने भरलेले नसते. त्यात रोजचे असतात, ठेवणीतले असतात, आणि त्याहून कितीतरी जास्त मानपानाचे असतात. लग्नातली, बारशाची, वास्तुशांतीची, नणंदेने दिलेली, विहिणीने दिलेली. ओटीतले ब्लाऊजपीस तर नुसतेच या घरातून त्या घरात फिरत राहतात. यांतली एकही साडी तिने कामासाठी निवडलेली नसते, पण टाकवतही नाही, कारण प्रत्येकीमागे एक नाते असते. बदलीच्या नोकरीत यात आणखी भर पडते ती निरोप समारंभाची. कार्यालयात वर्गणी निघते, शाल-श्रीफळ होते आणि बाईला साडी दिली जाते. म्हणजे जिला पुढच्या आठवड्यात सहा-सात किलोंत मावायचे आहे, तिच्या हातात आपण निघता निघता आणखी पाऊण किलो ठेवतो. पूर्वीच्या घरांत कपडे बाहेर जाण्याच्या वाटाही होत्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जात. बोहारीण दारावर यायची, जुने कपडे घेऊन स्टीलचे पातेले द्यायची, आणि घासाघीस करून का होईना, कपाट हलके व्हायचे. आता फ्लॅटच्या दारांवर ती येत नाही, आणि कपडे आत येण्याची वाट तेवढी उघडी राहिली आहे.

संस्थांच्या नियमांविषयी मला तक्रार आहे ती इथे येऊन. राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांतल्या पेहरावाविषयी परिपत्रक काढले. त्यात म्हटले होते: जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद रंगांचे नक्षीकाम नको, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही पेहरावाच्या सूचना आल्या. नीटनेटके दिसावे ही अपेक्षा रास्त आहे, खादीचा आग्रहही मला आवडतो. पण हे नियम लिहिताना कोणी विचारले नाही की हा कपडा गुहागरच्या जुलैत किती वेळात वाळतो. खादी मुळातच जाडसर, ओल धरणारी. पावसाळ्यात ती शुक्रवारी घालायची तर बुधवारी धुवावी लागते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये गणवेशासाठीचे निरनिराळे भत्ते एकत्र करून वार्षिक पेहराव भत्ता सुरू केला, तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांना वर्षाला २०,००० रुपये आणि इतर गटांना १०,००० किंवा ५,००० असे आकडे ठरले. गणवेश सक्तीचा म्हणून भत्ता, हे तत्त्व बरोबर आहे. मग ज्याला गणवेश नाही पण काय घालू नये याची यादी आहे, आणि दर तीन वर्षांनी हवामान बदलून मिळते, त्याच्या खर्चाचा विचार त्याच तत्त्वाने का होऊ नये? फार मोठी मागणी नाही ही. बदलीच्या वेळी सहा टन सामानाचा खर्च देणाऱ्या नियमात नव्या हवामानाच्या कपड्यांसाठी एक छोटी रक्कम, आणि पेहरावाच्या परिपत्रकात जून ते सप्टेंबर सवलत, इतके पुरेसे आहे. कोकणातल्या चार महिन्यांत लवकर वाळणारी साधी पँट, बंद नसलेली प्लास्टिकची चप्पल आणि वर कुठलाही स्वच्छ कुर्ता किंवा शर्ट चालेल, असे एका वाक्यात लिहिता येते.

आणि निरोप समारंभाची साडी बंद करावी. हे कार्यालयातल्या माणसांच्या हातात आहे, त्यासाठी परिपत्रक लागत नाही. वर्गणी काढावी, शाल-श्रीफळही खुशाल द्यावे. पण उरलेल्या पैशांतून जाणाऱ्या बाईला ज्या गावी जायचे आहे तिथल्या एखाद्या ओळखीच्या शिंप्याचा, खोलीचा, डबेवाल्याचा पत्ता शोधून द्यावा, पहिल्या महिन्याच्या डब्याचे पैसे आधीच भरून टाकावेत. त्या गावी पूर्वी नोकरी करून आलेला कोणी ना कोणी प्रत्येक मोठ्या कार्यालयात असतोच. तिथे पाऊस किती, पाणी कसे, इस्त्रीवाला आहे का, महिलांनी कार्यालयात काय घातले तर डोळ्यांवर येत नाही, हे त्याने तिला बसवून सांगावे. ती बॅग भरायला बसेल तेव्हा कोणते पाच कुर्ते घ्यायचे आणि कोणते मागे ठेवायचे हे तिला यावरून ठरवता येईल.